जुनी अलॉय, नवा रंग

आज उद्यमनगरात सेकंडहँड अलॉय (गाडीची ॲल्युमिनियमची चाकं) रंगवायला घेतली. ड्रॅग रेसला (सरळ ट्रॅकवरच्या वेगाच्या शर्यतीला) कधीमधीच लावायची, म्हणून खर्च बेताचा.

टायर उतरवून, जुना रंग आणि ग्रीस काढून आधी डाय पेनिट्रंट (बारीक तडे दाखवणारा रंगीत द्रव) मारा. तडा दिसला तर रिम थेट भंगारात. वेल्डिंगवर भागवायचा नाद नकोच. मग पुन्हा डीग्रीझर, १८० चा सँडपेपर, खरचटलेल्या कडेला पुट्टी, वर ३२०. उघड्या ॲल्युमिनियमवर सेल्फ-एच (self-etch, धातूला किंचित खाऊन पकड घेणारा) प्रायमर. साधा पापुद्र्यानं सुटतो. रंगाचे तीन पातळ हात, मध्ये १०-१५ मिनिटं.

नटाची बैठक आणि हबला टेकणारी बाजू मास्किंग टेपनं झाकाच. तिथला रंग दबला की नट ढिले पडतात, आणि लाँचचा (रेसच्या सुटण्याचा) झटका तिथंच बसतो. दमट हवेत लॅकर (रंगावरचा पारदर्शक थर) पांढरं पडतं. आपल्या पावसाळ्यात तर विचारूच नका. पहिल्या रननंतर टॉर्क रेंच (नट ठरल्या जोरानं आवळायचा पाना) पुन्हा लावा.