तुम्ही विचारलंत म्हणून: वर्ध्याच्या उन्हात रोझमेरी जगते कशी?

"ताई, आमची रोझमेरी महिन्याभरात वाळून जाते, तुमची एवढ्या उन्हात जगते कशी?" हा प्रश्न मला होळी झाली की सुरू होतो. लग्नात, बँकेच्या लायनीत, एकदा तर दवाखान्यात सलाईन लावलेल्या बाईनं विचारला होता. आधी एक कबूल करते, विचारणाऱ्यांतल्या अर्ध्या पोरींना झाड पिझ्झ्यावर टाकायच्या सुवासिक पानांसाठी नको असतं, केसांसाठी पाहिजे असतं, रोझमेरी वॉटर का काय ते. त्यावर एवढंच सांगते की 2015 मध्ये इराणमध्ये शंभर लोकांवर सहा महिने एक अभ्यास झाला होता तो रोझमेरीच्या तेलाचा होता, घरी उकळलेल्या पाण्याचा नाही, आणि माझे केस तुम्ही बघितलेच आहेत.

आता उत्तर. आमच्या वर्धा जिल्ह्यात मे महिन्यात 45-46 डिग्री जातं, त्यामुळे सगळ्यांना वाटतं झाड उन्हानं मेलं. माझंही तेच वाटणं होतं. पहिल्या वर्षी फेब्रुवारीत मी कुरिअरनं रोपं मागवली, तीन रोझमेरी, दोन थाईम, एक ऑरिगॅनो आणि हौसेनं एक लॅव्हेंडर, आणि सगळी गच्चीवर ठेवली. उन्हाळाभर त्यांच्यामागं मी अक्षरशः बाळंतिणीची करावी तशी सेवा केली, हिरवी नेट बांधली, कुंड्यांना ओलं बारदान गुंडाळलं, पहाटे उठून पाणी घातलं, आणि लॅव्हेंडर सोडून सगळी नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते तापलेले नऊ दिवस, पार करून गेली. लोक बघायला यायचे. मी फुशारले होते.

मग ऑगस्टात झड लागली. आठ दिवस सूर्य दिसला नाही. नवव्या दिवशी गच्चीवर गेले तर रोझमेरीची खालची पानं काळी, शेंडे मान टाकून. मला वाटलं तहानली असेल (एवढ्या पावसात! पण मान टाकली की आपला हात पाण्याकडंच जातो). एक फांदी धरून जरा ओढली तर मुळ्यासारखं अख्खं झाड हातात आलं. मुळं तपकिरी, बुळबुळीत, वरचं साल बोटानं सुटत होतं आणि वास नालीचा. तिन्हींचं तेच.

तेव्हा कुठं डोक्यात शिरलं की ही झाडं जिथली आहेत, इटली, ग्रीस, स्पेनचा तो भूमध्य समुद्राकाठचा पट्टा, तिथं पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा ठणठणीत असतो. आपलं बरोब्बर उलटं. आपल्याकडं हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर, म्हणजे हवा गरम असताना. गरम आणि ओलं एकत्र आलं की मुळं कुजवणाऱ्या बुरशीची दिवाळीच. नुसतं गरम ही झाडं सोसतात, नुसतं ओलं आणि थंड सोसतात, दोन्ही मिळून नाही. रोझमेरी या नावाचा अर्थ लॅटिनमध्ये समुद्राचं दंव असा सांगतात, आणि आमच्यापासून मुंबईचा समुद्र सहाशे किलोमीटर, तिचीही काय चूक.

दुसऱ्या वर्षी गच्ची सोडून मी खाली दक्षिणेकडच्या गॅलरीत आले, तेही कपडे वाळत घालायला जागा नव्हती म्हणून एका बाजूला. आणि खरं गुपित काही असेल तर ते ही गॅलरी. डिसेंबरात दुपारी ऊन फरशीवरनं सरकत थेट दाराच्या उंबरठ्यापर्यंत यायचं, मार्चमध्ये अर्ध्या फरशीवर, आणि मेमध्ये दुपारी बाराला ते कठड्याच्या आत यायलाच तयार नाही. मी खडूनं रेघा मारून ठेवल्या होत्या, पोरगा म्हणाला आई तू वेडी झालीस. पण हिशोब साधा आहे. वर्धा साधारण 20.7 अंश अक्षांशावर आहे, त्यामुळे 25 मेच्या आगेमागे दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो, तेव्हा वरचा सज्जाच सगळं ऊन अडवतो. आणि 21 डिसेंबरला तोच सूर्य दुपारी दक्षिणेकडं कलून 46 अंशांवर असतो, म्हणजे सज्जा जेवढा उंच जवळपास तेवढंच ऊन आत. हिवाळ्यात भरपूर, उन्हाळ्यात बेताचं, आणि झडीच्या पाण्यापासून वर छप्पर. गॅलरी पश्चिमेला असेल तर मात्र माझं काही ऐकू नका, मेमधलं चार वाजताचं ऊन तिरपं आत येतं आणि कुंडी तव्यासारखी तापते, तिथं नेट लावावीच लागेल.

मातीचं सांगते. सासरे म्हणाले, शेतातली काळी माती आण, अशी माती कुठं मिळते काय. कपाशीला खरंच नाही मिळत. पण कुंडीत घाला आणि आठ दिवस कोरडी पडू द्या, माती आक्रसून कुंडीच्या कडेपासून बोटभर सुटते, मग तुम्ही तांब्याभर पाणी ओतता ते त्या फटीतनं सरळ खाली बशीत, तुम्हाला वाटतं झाड प्यालं, आणि मधला गोळा विटेसारखा कोरडाच. तेच पावसात उलटं, फुगते आणि आठ दिवस पाणी सोडत नाही. मी आता एक भाग काळी माती, एक भाग जाडी रेती, एक भाग मुरूम आणि अर्धा भाग गांडूळखत असं करते. वर मूठभर चुनखडी, आपल्या शेतात ते पांढरे खडे निघतात ना ज्यांना आपण शिव्या घालतो, ते कुटून. भूमध्य समुद्राकडची जमीन बरीचशी चुनखडीचीच, त्यामुळे ती या झाडांना मानवते. खत जास्त घालू नका. रोझमेरीला श्रीमंती सोसत नाही, खताची झाली की लांबट, मऊ होते आणि वास उतरतो. आणि कुरिअरनं आलेल्या रोपाचा कोकोपीटचा गोळा हलक्या हातानं मोकळा करून मगच लावा, नाहीतर बाहेर माती कोरडी आणि आत तो गोळा ओलाच राहतो, आणि झाड आतून सडतं.

कुंडी म्हणून मी जुने माठ वापरते. दर उन्हाळ्यात नवीन माठ आणतो आपण, जुन्याला पाणी गार होत नाही म्हणून तो कोपऱ्यात पडतो. रात्रभर पाण्यात बुडवून ठेवून मग तळाला भोक पाडा, कोरड्याला पाडलं तर तडकतो, दोन माझे गेले. खाली दोन विटा ठेवून वर माठ. तेलाचा पिपा तापतो म्हणून नको, आणि फवारणीच्या औषधाचा डबा कितीही धुतला तरी खायच्या झाडाला नको म्हणजे नको.

एक घोडचूक माझी. आमचा कुलर गॅलरीतच आहे. रोज संध्याकाळी टाकीत उरलेलं पाणी फेकायचं कशाला, एवढी पाण्याची ओढाताण, म्हणून मी ते कुंड्यांना घालायची. पंधरा दिवसांत पानांची टोकं जळल्यासारखी तपकिरी आणि मातीवर पांढरी पुटं. कुलरच्या गवतावर बसतो ना पांढरा थर, तोच क्षार. पाणी उडून जातं, क्षार टाकीत मागं राहतो आणि रोज वाढत जातो. माझं माहेर दर्यापूरकडचं, खारपाणपट्ट्यातलं, जिथं जमिनीखालचं पाणीच खारं, मला तरी हे आधी सुचायला हवं होतं. आई तर बोअरचं पाणी कुंडीला लावतच नाही, पावसाचं साठवून पुरवते.

बाकी झाडांचं भराभर. थाईमची गंमत अशी की पहिल्यांदा ते नीट पसरलं तेव्हा शेजारच्या काकू आल्या आणि म्हणाल्या, "काय वं, हे काय कुटार लावून राह्यली तू?" मी एक काडी चोळून त्यांच्या नाकाशी धरली. "हा तं ओवाच होय!" काकू शाळेत चौथीपर्यंत गेल्या पण नाकानं बरोबर सांगितलं, थाईम आणि ओवा दोघांच्या वासात थायमॉल नावाचं एकच द्रव्य आहे. आता त्या भज्याच्या पिठात बिनधास्त थाईम टाकतात. ऑरिगॅनो म्हणजे आपल्या गजऱ्यातल्या मरव्याची सख्खी बहीण, एकाच कुळातली, बी मोहरीहूनही कितीतरी बारीक, ते मातीवर नुसतं पसरायचं, झाकायचं नाही. पार्सलीचं बी रात्रभर भिजवून टाका आणि तीन-चार आठवडे विसरून जा. खरं सांगायचं तर आपल्या सांबारापुढं (पुणेवाल्यांसाठी, कोथिंबीर) ती मला फिकीच वाटते.

बेसिल मात्र या सगळ्यांत बसत नाही. ती तुळशीच्या घरातली, तिला ऊन आणि पाऊस दोन्ही चालतं, म्हणून तिला जूनमध्येच लावा. महागाचं पाकीट नको, किराण्यातला सरबतात घालायचा सब्जा आणा, ते बेसिलचंच बी आहे. पान इटालियनइतकं मोठं आणि गुळगुळीत येणार नाही, वासही जरा लवंगेकडं झुकतो, पण दहा रुपयांत गॅलरी भरते.

टमाटर ऑगस्ट-सप्टेंबरात रोप करून दिवाळीच्या सुमारास बहरात आणा. एप्रिलमध्ये फुलं येतात आणि गळतात, तिथं तुमचा दोष नाही, दिवसा 35 च्या वर आणि रात्रीही गरम असलं की परागच निकामी होतात. आपण कपाशीच्या मुलखात, त्यामुळे पांढरी माशी गॅलरीत येणारच आणि पानं आकसवणारा व्हायरस आणणारच. पिवळे चिकट सापळे टांगा आणि पाच टक्के निंबोळी अर्क संध्याकाळी मारा, शेतात करता तसंच. वांगं लावलं तर मात्र त्याला परदेशी म्हणू नका, ते आपल्याकडूनच अरबांच्या मार्गे तिकडं गेलेलं आहे.

आणि वानरं. सतरा वानरांची टोळी जानेवारीत गॅलरीत उतरली, पिकायला आलेले सगळे चेरी टमाटर दहा मिनिटांत साफ, एकानं रोझमेरीची फांदी मोडली, हुंगली, माझ्याकडं बघितलं आणि फेकून दिली. तीच फांदी मी रेतीत खोचली होती, आज ती कमरेपर्यंत आहे. म्हणजे बी टाकायच्या भानगडीत पडूच नका, रोझमेरीचं बी फार कमी उगवतं आणि फार वेळ लावतं. बोटभर लांबीची फांदी, खालची पानं ओरबाडून, ओल्या रेतीत, सावलीत.

लॅव्हेंडरचं विचारू नका. तीनदा आणली, तीनदा गेली. तेवढ्या पैशात मोगऱ्याची दोन रोपं येतात आणि वासही तोडीस तोड.

तर कटिंग मागायला मार्च-एप्रिलमध्ये येऊ नका, मी देत नाही, नेऊन मारायचंच असेल तर इथं बरी आहे ती. दसरा झाला की या. येताना जुना माठ घेऊन या, भोक मी पाडून देते.