लोअर आर्म बदलला आणि हेडलाइट खाली बसले : माझा अनुभव

"भाऊ, कोड उडाई दिधा, आते काही नही व्हत." कोड, म्हणजे गाडीच्या मेमरीतली बिघाडाची नोंद, पुसून टाकली, आता काही होत नाही. धुळ्याच्या एका वर्कशॉपमध्ये हे वाक्य तीन आठवड्यांत चार वेळा ऐकलं. चारही वेळा पारोळा यायच्या आत हेडलाइटचा पिवळा दिवा डॅशबोर्डवर परत हजर. याचा राग अजून गेलेला नाही. ऑटो लेव्हलिंगच्या, म्हणजे हेडलाइटचा झोत आपोआप वर-खाली करणाऱ्या गाडीत कोड पुसून काहीही दुरुस्त होत नाही, आणि हे माहीत नसल्यामुळे लोक चांगले हेडलाइट फेकून देतात, म्हणून सगळं नीट लिहितोय.

गाडी झेनॉन हेडलाइटवाली. पुढचा डावा लोअर आर्म (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा सस्पेन्शनचा खालचा दांडा) आणि मागच्या दोन्ही स्प्रिंगा बदलल्या. ते काम एका दिवसात झालं, आणि त्यानंतर हा पिवळा दिवा सुरू झाला.

या सिस्टीममध्ये पुढे एक आणि मागे एक असे दोन सेन्सर असतात. सेन्सर सबफ्रेमला, म्हणजे खालच्या सांगाड्याला बसतो, त्याला एक छोटी दांडी असते, आणि दोन बॉल जॉइंटची लिंक ती दांडी सस्पेन्शनच्या आर्मला जोडते. चाक वर-खाली झालं की दांडी फिरते. पुढचा-मागचा फरक बघून मॉड्यूल (हेडलाइटचा छोटा कॉम्प्युटर) गाडीचा कल काढतं आणि हेडलाइटमधली मोटर बीम वर किंवा खाली नेते. डिकीत कांद्याची चार पोती टाकली की मागची बाजू बसते, नाक वर होतं, तेव्हा समोरच्याच्या डोळ्यात उजेड जाऊ नये यासाठी हा सगळा खटाटोप. युरोपच्या नियमात 2000 लुमेनपेक्षा जास्त प्रकाशाच्या लो बीमला हे सक्तीचं आहे.

गाडी रिकामी आणि सपाट उभी असताना सेन्सर कुठे असतो, तो 'शून्य' मॉड्यूलच्या मेमरीत असतो. सेन्सर, आर्म, स्प्रिंग, मॉड्यूल यातलं काहीही बदललं की जुना शून्य खोटा ठरतो. नवा शून्य स्कॅनरच्या (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायच्या यंत्राच्या) 'बेसिक सेटिंग'मधूनच घ्यावा लागतो. तो मिळेपर्यंत बहुतेक गाड्या सुरक्षितता म्हणून बीम खाली नेऊन ठेवतात.

इथेच पहिली मोठी चूक झाली. बीम खाली दिसतोय म्हणून हेडलाइटमागचे स्क्रू फिरवून तो वर घेतला गेला. हे कधीही करू देऊ नका. बिघाड दूर झाला की मोटर बीम त्याच्या मूळ जागी नेते, त्यावर स्क्रूची उंची जमा होते, आणि गाडी समोरच्याला आंधळं करते. आधी शून्य, मग स्क्रू.

आता जिथे खरं अडलं ते. चौथ्या फेरीत आग्रह करून बेसिक सेटिंग करायला लावली. स्कॅनरने ती नाकारली. पुन्हा केली, पुन्हा नाकारली. निदान काय निघालं? "मॉड्यूल गेलं, नाहीतर दोन्ही हेडलाइट बदला." त्या पार्टची वाट बघण्यात आठ दिवस गेले. त्या आठ दिवसांत कोणीही गाडीखाली वाकून बघितलं नाही, कोणी मल्टीमीटर हातात घेतला नाही.

मल्टीमीटरने हे दहा मिनिटांत कळतं. सेन्सरच्या तीन मुख्य वायरी: 5 व्होल्ट सप्लाय, अर्थ आणि सिग्नल. कनेक्टर न काढता मागून बारीक पिन घालायची, इग्निशन ऑन. सिग्नल साधारण 0.5 ते 4.5 व्होल्टच्या पट्ट्यात हवा आणि गाडी सपाट असताना मधोमध, अडीचच्या आसपास. मागच्या सेन्सरवर 2.4 आला, डिकी दाबली की हलत होता. पुढच्यावर 4.7, आणि बोनेट कितीही दाबलं तरी 4.7 च. असा सिग्नल मॉड्यूल शून्य म्हणून स्वीकारणारच नाही, आणि ते बरोबरच आहे.

खाली टॉर्च मारला तेव्हा कारण समोर लटकत होतं. नव्या आर्मला लिंक बसवायचा ब्रॅकेटच नव्हता, म्हणून लिंकचं खालचं टोक काळ्या केबल टायने स्टॅबिलायझर बारला (दोन्ही बाजूंचं सस्पेन्शन जोडणाऱ्या आडव्या सळईला) बांधलेलं. दांडी टोकापर्यंत ओढली जाऊन तिथेच अडकलेली. वरच्या बॉल जॉइंटमध्ये काळ्या मातीचा गोळा वाळून दगडासारखा झालेला, तो स्क्रूड्रायव्हरने फोडून काढावा लागला. कपाशीच्या शेतरस्त्यावर पावसाळ्यात गाडी जाते त्यांनी हा जॉइंट वर्षातून एकदा धुऊन हाताने फिरवून बघावा.

जुना आर्म वर्कशॉपच्या भंगारात सापडला. त्याचा ब्रॅकेट काढून नव्या आर्मला त्याच जागी बोल्टने बसवला. सिग्नल 2.6. काढलेला प्रत्येक पार्ट घरी आणा, असं मी आता प्रत्येकाला सांगतो. नवा आर्म घेताना दोन्ही शेजारी ठेवून सेन्सरची भोकं जुळतात का ते बघा.

आर्मच्या बुशचे (टोकाच्या रबरी जोडाचे) बोल्ट गाडी चारही चाकांवर उभी असताना शेवटचे कसायचे असतात, हेही सांगायचं राहिलं. जॅकवर लटकलेल्या अवस्थेत कसले तर रबर पिळून बसतं, गाडीची उंची बदलते, बुश लवकर फाटतो. आमचे तसेच कसलेले होते. सैल करून, गाडी खाली ठेवून, परत कसले.

बेसिक सेटिंगला सपाट जागा लागते. आम्ही एका जिनिंगच्या शेडमधला कोबा वापरला, चारही चाकांखालची पातळी गवंड्याच्या पाण्याच्या नळीने तपासली. टायरमध्ये दाराच्या चौकटीवर लिहिलेली हवा, टाकी जवळपास फुल, डिकीत फक्त स्टेपनी आणि जॅक, ड्रायव्हर सीटवर साधारण 75 किलोचा माणूस. गाडी पुढून-मागून दाबून सोडायची, मीटरभर पुढे-मागे ढकलायची, म्हणजे सस्पेन्शन मोकळं होतं. मग सेटिंगचा पहिला टप्पा: मोटर शून्यावर जाते, वीसेक सेकंद थांबायचं. त्यानंतर स्क्रूने बीम लावायचा. मग दुसरा टप्पा, त्यात मॉड्यूल ही जागा लक्षात ठेवतं. ब्रॅकेट बसल्यावर पहिल्याच प्रयत्नात घेतलं. हे आठ दिवस आधी होऊ शकलं असतं.

बीमचं माप भिंतीवर घ्या. हेडलाइटवर बहुधा 1.0% असा आकडा कोरलेला असतो. म्हणजे 10 मीटरवरच्या भिंतीवर उजेडाची कड दिव्याच्या मध्यापेक्षा 10 सेंटिमीटर खाली. दिवा 65 सेंटिमीटर उंच असेल तर कड रस्त्याला 65 मीटरवर टेकते. 2% खाली गेली की जेमतेम 32 मीटर, आणि ताशी 80 च्या वेगात हे अंतर दीड सेकंदात संपतं. एरंडोलच्या बाजूला रात्री रिफ्लेक्टर नसलेली कपाशीची ट्रॉली दीड सेकंद आधी दिसून उपयोग नाही. आपल्याकडे कडेचा वर जाणारा कोपरा डावीकडे हवा. उजवीकडे असेल तर तो डाव्या स्टिअरिंगच्या देशातला हेडलाइट आहे.

अजून एक, हे खरं तर सगळ्यात आधी करायचं: अंधारात गाडी भिंतीसमोर लावून दिवे चालू करून इग्निशन द्या. चांगल्या सिस्टीममध्ये दोन्ही बीम खाली जाऊन वर येतात. एकच हलला तर न हललेल्या दिव्याची मोटर किंवा प्लग बघा. हेडलाइट उघडला गेला असेल तर मोटरचा बॉल रिफ्लेक्टरच्या खोबणीतून सुटलेला असतो. दोन्ही हलले नाहीत तर फ्यूज, सेन्सर, शून्य, या क्रमाने जा. मॉड्यूल सगळ्यात शेवटी.

नव्या स्प्रिंगा दोन-तीनशे किलोमीटरमध्ये थोड्या बसतात. तेवढं चालवून झाल्यावर भिंतीवरचं माप परत घेतलं, कड बोटभर सरकली होती. सेटिंग पुन्हा केली, पंधरा मिनिटं लागली.