तासातलं मंडळ

१९८८ साली मी नववीत होते. वक्तृत्व, नाटक, खो-खो हे सगळं शाळा सुटल्यावर चालायचं आणि मी त्यातल्या कशातच नसायचे. आमच्या नळाला पाणी साडेपाचला यायचं, भरायला मीच. वर्गातल्या कितीतरी मुलींचं हेच होतं.

गृहशास्त्राच्या बाईंना ते ठाऊक होतं. म्हणूनच त्यांनी ग्राहक मंडळ काढलं ते त्यांच्या तासातच. अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार मतदानानं निवडायचे, दर सत्राला नवे. पहिल्या सत्राची चिटणीस मी! त्याआधी मला कुणी कशासाठीही निवडलं नव्हतं.

ग्राहक संरक्षण कायदा नुकताच, १९८६ साली झाला होता. मंडळाचं पहिलं काम हळदीचं. प्रत्येकीनं घरून पुडी आणली. परीक्षानळीत चिमूटभर हळद आणि थोडं पाणी घेतलं, बाईंनी स्वतः हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकले. रंग गुलाबी झाला आणि आम्ही ओरडलो, "भेसळ!" एकीनं तर दुकानदाराचं नावही घेतलं. "थांबा गं," बाई म्हणाल्या, "आधी पाणी वाढवा." गुलाबी रंग विरून गेला. आम्लानं शुद्ध हळदही गुलाबी होते; पाणी वाढवूनही रंग टिकला तर मेटॅनिल यलो या कृत्रिम पिवळ्या रंगाच्या भेसळीचा संशय घ्यायचा. सगळ्या पुड्यांत एकीचाच रंग टिकला. मग आम्ही चौघी त्या दुकानात गेलो. काय बोलायचं, कोणी बोलायचं, पावती कशी मागायची, हे आधी तासात तीनदा म्हणून पाहिलं होतं. दुकानदारांनी पैसे परत दिले आणि हळदीचा डबा फळीवरून काढला. त्या दिवसाचं इतिवृत्त मी लिहिलं.

आता मी अमेरिकेत, ओहायोतल्या एका शाळेत हाच विषय शिकवते. तिथे त्याला फॅमिली अँड कन्झ्युमर सायन्सेस म्हणतात. त्याला जोडूनच विद्यार्थ्यांची संघटना असते, एफसीसीएलए, म्हणजे फॅमिली, करिअर अँड कम्युनिटी लीडर्स ऑफ अमेरिका. १९४५ साली ती 'फ्यूचर होममेकर्स ऑफ अमेरिका' या नावानं सुरू झाली. आजचं नाव १९९९चं. अडचण ओळखा, ध्येय ठरवा, आराखडा करा, काम करा, मग काय साधलं ते तपासा, अशा तिच्या कामाच्या पाच पायऱ्या. त्या पहिल्यांदा वाचल्या तेव्हा मला आपली प्रयोगशाळा आणि तो हळदीचा वास आठवला.

आमच्या शाळेत ही संघटना शाळा सुटल्यावर चालवावी, असं काहींचं म्हणणं होतं. मी हट्टानं तासातच ठेवली. माझ्या वर्गातल्या एका मुलाची बस चुकली तर त्याला घरी न्यायला कुणीच नसतं. यंदा तो आमच्या शाखेचा खजिनदार आहे.

बाई, मंडळाची ती इतिवृत्ताची वही माझ्याकडेच राहिली आहे. तुम्हाला भेटायला येताना घेऊन येते.