पावसाळा, दोन मांजरे आणि आपोआप साफ होणारा लिटर बॉक्स

आमच्या ठाण्याच्या घरात दोन मांजरे आहेत. वाघ्या हा साडेपाच किलोंचा बोका आणि बकुळा ही त्याच्या जवळपास निम्म्या वजनाची. रोज दोनदा वाकून लिटर (मांजरांच्या शी-शूच्या खोक्यात घालतात ते ओल शोषणारे दाणे) उपसणे पाठदुखीमुळे मला जमेनासे झाले, म्हणून गेल्या फेब्रुवारीत आम्ही आपोआप साफ होणारा लिटर बॉक्स घेतला. मांजर आत गेल्याचे यंत्राला वजनावरून कळते, ते बाहेर पडले की ठरलेल्या वेळाने आतले पिंप सावकाश फिरते, कोरडे लिटर चाळणीतून गळून पिंपातच राहते आणि ओले गोळे व शी खालच्या बंद कप्प्यात जाऊन पडते. पहिले तीन-चार महिने मी खरोखर सुखात होते.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात माझी नणंद नाशिकहून राहायला आली. चप्पल काढता काढताच ती म्हणाली, "वहिनी, पॅसेजमध्ये डोळ्यांना झोंबणारा कसला तरी वास येतोय." मला काहीच जाणवत नव्हते. एकाच वासात सतत राहिले की नाक त्याची नोंद घेणे सोडून देते, हे मी ऐकून होते. पण आपल्याच घरात आपल्याला कळू नये याचे मला फार वाईट वाटले. त्या दिवसापासून मी स्वतःच्या नाकावर भिस्त ठेवणे सोडले आणि बाहेरून येणाऱ्या प्रत्येकाला, दारातच, वास येतो का ते विचारू लागले.

सुरुवातीचे उपाय चुकले, आणि ते सविस्तर सांगणे मला आवश्यक वाटते, कारण बहुतेक घरांत सुरुवात तिथूनच होते. मी सुगंधी लिटर आणले. दोन दिवसांत बकुळेने बॉक्सकडे पाठ फिरवली आणि ती न्हाणीघराच्या पायपुसण्यावर शू करू लागली. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींनी चांगल्या हेतूने बॉक्सभोवतीची फरशी फिनाईलने पुसायला घेतली. आमच्या पशुवैद्यांना हे कळताच त्यांनी ते तत्काळ बंद करायला लावले. फिनॉलच्या जातीची द्रव्ये शरीराबाहेर टाकण्याची मांजराच्या यकृताची क्षमता फारच कमी असते, मांजर त्या फरशीवरून चालते आणि मग तेच पंजे चाटते. जखमेवर लावायची जंतुनाशके आणि सुवासिक तेले यांबाबतही त्यांनी हाच इशारा दिला. ब्लीचिंगच्या द्रावणाचे तर नावही काढू नका, असे ते म्हणाले, कारण मूत्रातल्या अमोनियाशी त्याचा संयोग झाला की विषारी वायू तयार होतो. खाण्याचा सोडाही मी पसाभर टाकून पाहिला. सोडा आंबूस वासांवर चालतो, पण अमोनिया हा सोड्यासारखाच अल्कधर्मी असल्यामुळे सोड्याने त्याचे काही बिघडत नाही.

यंत्राच्या कंपनीच्या ग्राहकसेवेने कोळशाचे फिल्टर बदलण्याचा सल्ला दिला. मी लागोपाठ दोन पाकिटे संपवली, फरक पडला नाही. साधा सक्रिय कोळसा शीच्या आणि गंधकयुक्त वासांना बऱ्यापैकी धरून ठेवतो, पण अमोनिया त्याच्या तावडीतून निसटतो. त्यातही फिल्टर कप्प्याच्या झाकणात बसवलेले होते, आणि कप्प्यातली हवा जर फटीतूनच बाहेर पडत असेल तर ती फिल्टरपर्यंत जातेच कुठे?

त्यानंतर मी वास दाबण्याचा विचार सोडला आणि तो नेमका कुठून येतो हे शोधायचे ठरवले. ताज्या मूत्राला वास कमीच असतो; त्यातल्या युरियाचे जिवाणू विघटन करू लागले की अमोनिया सुटतो, आणि त्यासाठी ओल व वेळ दोन्ही लागतात. तेव्हा घरात ओल कुठे टिकून राहते, एवढाच प्रश्न होता. एका रविवारी रात्री यंत्राची वीज काढली, लिटर बादलीत रिकामे केले, पिंप उचलून वर्तमानपत्रांवर ठेवले आणि पॅसेजमधला दिवा मालवून नोटा तपासायची निळी टॉर्च फिरवली. मांजराचे मूत्र त्या प्रकाशात पिवळट-हिरवट चमकते. पिंपाच्या आत, मागच्या भिंतीवर, माझ्या वितीएवढ्या उंचीवरून एक ओघळ खाली आला होता. तो दोन भागांच्या सांध्यात शिरला होता आणि सांध्याखालून थेट यंत्राच्या बैठकीच्या, म्हणजे पिंप ज्यावर टेकते त्या तळभागाच्या, कडेवर उतरला होता. दिवा लावून पाहिले तर त्या खाचेत मधासारखी चिकट, तपकिरी रेघ साचलेली होती. कापसाचा बोळा लावलेली काडी त्यातून फिरवून नाकाजवळ आणली आणि डोळ्यांत पाणी आले. गेल्या कित्येक आठवड्यांचा वास तिथे बसलेला होता. वाघ्या शू करताना बसत नाही, अर्धवट उभा राहतो, हे मला माहीत होते. पण त्याचा या सांध्याशी संबंध मी कधी जोडलाच नव्हता.

टॉर्चने आणखी दोन जागा दाखवल्या. पिंपाच्या रबरी अस्तरावर ओल्या लिटरचा पातळ लेप चिकटलेला होता. वास लवकर जावा म्हणून मी मांजर बाहेर पडल्यानंतर 3 मिनिटांनी फिरण्याची वेळ लावली होती. तेवढ्यात गोळा घट्ट होत नाही. फिरताना तो फुटतो, काही भाग अस्तराला माखतो आणि उरलेला चुरा स्वच्छ लिटरमध्ये मिसळतो. शिवाय त्या काळात मी टोफूचे, म्हणजे सोयाबीनच्या चोथ्याचे लिटर वापरत होते. उन्हाळ्यात ते उत्तम चालले. मात्र कोकणपट्टीच्या पावसाळ्यात, हवेतच इतका दमटपणा असताना, ते आधीच निम्मे भिजल्यासारखे असायचे आणि त्याचे गोळे मऊ लापशीसारखे होत. तिसरी जागा खालचा कप्पा. पिशवी भरल्याचा दिवा लागेपर्यंत मी ती बदलत नसे, म्हणजे आठ-आठ दिवस. तो दिवा फक्त भरल्याची उंची मोजतो, आत काय चालले आहे हे त्याला कळत नाही. काळ्या पिशवीच्या आतून पाण्याचे थेंब धरलेले होते.

मग एकेक गोष्ट बदलली. फिरण्याची वेळ 15 मिनिटांवर नेली. लिटर बेंटोनाइट मातीचे, बारीक दाण्याचे आणि बिनवासाचे आणले. ही माती आपल्याकडे प्रामुख्याने कच्छमधून येते, पाणी शोषून फुगते आणि वेळ मिळाला तर दगडासारखा गोळा धरते. तिचा धुरळा उडतो, म्हणून पिंपात ओतण्यापूर्वी मी ती गच्चीत पिठाच्या जुन्या चाळणीने चाळून घेते. कप्प्यातली पिशवी दर दुसऱ्या दिवशी बदलते, भरलेली असो वा नसो. कप्प्याच्या चारही कडांना दाराच्या फटीला लावतात ती फोमची पट्टी चिकटवली, आणि आत मत्स्यालयाच्या दुकानात मिळणाऱ्या झिओलाइटच्या खड्यांची मलमलीची पुरचुंडी ठेवली. मासे पाळणारे लोक पाण्यातला अमोनिया कमी करण्यासाठी हेच खडे वापरतात. या सगळ्यांत सर्वांत जास्त फरक कशाने पडला असे कोणी विचारले, तर मी फिरण्याची वेळ आणि पिशवी ही दोन नावे घेईन. झिओलाइटचा उपयोग झाला, पण तो त्यांच्यानंतरचा.

सांध्याच्या सफाईला मात्र पूर्ण दिवस लागला. आधी बिनवासाचा भांड्यांचा साबण आणि जुना दातांचा ब्रश घेऊन चिकट थर काढला. त्यानंतर एक लिटर पाण्यात चमचाभर लिंबूसत्व विरघळवून त्यात भिजवलेले फडके खाचेत दाबून ठेवले, कारण आम्लामुळे उरलासुरला अमोनिया बांधला जातो आणि लिंबूसत्वाला स्वतःचा वास नसल्यामुळे मांजरे नाक मुरडत नाहीत. नंतर साध्या पाण्याने दोनदा पुसले. बैठकीत मोटर आणि वजनाचे संवेदक असतात, तिला पाण्याच्या धारेखाली कधीही धरू नये. तिथे पिळलेले फडकेच चालते. पिंप पंख्याखाली रात्रभर वाळवले, कारण ओलसर पिंपात लिटर भरले की पहिला थर तळाला चिकटून बसतो. पॅसेजच्या फरशांच्या सांध्यांत मुरलेल्या मूत्रासाठी एन्झाइम असलेले, म्हणजे मूत्रातली द्रव्ये फोडणारे, द्रावण वापरले. ते ओतून लगेच पुसले तर वाया जाते. मी त्यावर ओले फडके पसरून तासभर तसेच राहू दिले आणि तीन दिवस हा क्रम केला.

वाघ्याच्या मूत्राचा उग्रपणा वेगळाच होता, आणि त्यावर यंत्रात करण्यासारखे काहीच नव्हते. पशुवैद्यांनी सांगितले की मांजरांच्या मूत्रात फेलिनीन नावाचे एक अमिनो आम्ल असते, निर्बीजीकरण न झालेल्या बोक्यांत त्याचे प्रमाण पुष्कळ जास्त असते आणि त्याच्या विघटनातून तो ओळखीचा गंधकाचा भपकारा येतो. रस्त्यावरून आणलेल्या वाघ्याचे निर्बीजीकरण आम्ही पुढे ढकलत आलो होतो, ते जुलैच्या मध्यात करून घेतले. पुढच्या काही आठवड्यांत तो भपकारा उतरत गेला. बोका सारखा बॉक्समध्ये जाऊन कुंथत असेल आणि शू होत नसेल, तर मूत्रमार्ग तुंबल्याची शक्यता धरून त्याच दिवशी दवाखाना गाठा, हेही त्यांनी तेव्हाच बजावले. यंत्राच्या मोबाइलवरील नोंदी मी आता त्या नजरेने रोज पाहते.

शेजारीच एक साधा, उघडा ट्रेसुद्धा ठेवला आहे. वीज गेली किंवा पिंप वाळत असले तरी मांजरांची अडचण होऊ नये आणि दोघांना आपापली जागा मिळावी, यासाठी तो लागतोच. काढलेले गोळे मी वर्तमानपत्रात गुंडाळून, पुडीवर लाल ठिपका काढून वेगळे देते, म्हणजे कचरा उचलणाऱ्या ताईंचा हात नकळत त्यात जात नाही. शौचकुपात मात्र एक खडाही टाकत नाही, कारण ही माती नळात फुगून बसते.

गणपतीला आम्ही चार दिवस गावी गेलो, तेव्हा शेजारच्या काकू मांजरांना खाऊ घालून पिशवी बदलत होत्या. परतल्यावर कुलूप काढले आणि दारातच थांबून मी मुद्दाम खोल श्वास घेतला, कारण चार दिवसांनंतर माझे नाक पुन्हा पाहुण्याचे झाले होते. बंद घराचा कुबट वास आला, काकूंनी लावलेल्या उदबत्तीचा आला. पॅसेजमध्ये गुडघे टेकून यंत्राजवळ नाक नेले तेव्हा रबरी अस्तराला मात्र अजून पुसटसा वास होता. रबरात मुरलेले धुऊन निघत नाही, असे दिसते. नवे अस्तर मागवले आहे, आणि सांध्यात कापसाची काडी फिरवण्याची तारीख दर पंधरा दिवसांनी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवली आहे.