तुम्ही विचारलंत म्हणून: पोरांना विहिरीत का उतरवते

"तुमच्या घरात एवढं होऊनसुद्धा तू पोरांना विहिरीत सोडतेस? काळीज आहे का दगड?"

दर मे महिन्यात, थोरलीचा सूर मारतानाचा फोटो स्टेटसला ठेवला की हा प्रश्न येतोच. शब्द तेवढे बदलतात. सोसायटीतल्या मैत्रिणी "तिथे लाइफगार्ड असतो का गं?" म्हणतात, ऑफिसात "पुण्यात पोहायचे एवढे टँक असताना" अशी सुरुवात होते, आणि माहेरची माणसं भाऊचं नाव न घेता नुसतं "विसरलीस का?" एवढंच विचारतात. मी आजवर कुणाला हसून उत्तर दिलं, कुणाला तोडून टाकलं. एका लग्नात पंगतीतून अर्ध्या जेवणावरून उठले. आता एकदाच लिहून ठेवते. पुढच्या वेळी हेच पाठवीन.

सोपं आहे ते आधी उरकू. आमचं गाव साताऱ्यातल्या कोरेगाव तालुक्यात. धोमचा डावा कालवा वरच्या अंगाने जातो, त्यामुळे आवर्तन सुटलं, म्हणजे कालव्याला पाणी सोडलं, की मे संपतानाही विहिरीला दोन परस, म्हणजे दोन उभ्या माणसांइतकं, पाणी असतं. आम्हाला खरा वेळ मिळतो तो रोहिणी निघाल्यापासून मृग लागेपर्यंत, म्हणजे २५ मेपासून जूनच्या ७-८ तारखेपर्यंत. त्याआधी शहरात पोरांचे क्लास आणि शिबिरं संपलेली नसतात. त्यानंतर पाणी गढूळतं, पायऱ्यांना बुळबुळीत शेवाळ धरतं, आणि घरातल्या माणसांना पेरणीपुढे मान वर करायला फुरसत नसते. शाळा जूनच्या मध्यावर उघडते. उन्हाळ्याच्या शेपटाला उरलेल्या या दिवसांत आम्ही सगळे, म्हणजे मी, नवरा, दोन्ही पोरं, चुलतभावंडं आणि माझे काका आण्णा, सकाळची उन्हं तापायच्या आत विहिरीवर असतो. कुणी महाबळेश्वरला जातं, आम्ही तिथे जातो.

हा काही धाडसाचा खेळ नाही. विहिरीवर गेलं की आण्णा पहिल्यांदा स्टार्टरच्या पेटीतले फ्यूज काढून खिशात घालतात. मोटर नुसती बंद करून भागत नाही. वायर कुठे सोललेली असेल आणि पाण्यात करंट उतरेल ते सांगता येत नाही, आणि लाइट कधी येईल याचाही नेम नाही. मग पायऱ्यांवरून नजर फिरवायची. कपारीत दिवड असला तर त्याला जाऊ द्यायचं, तो बिनविषारी आहे हे पोरांना पाठ आहे, तरी दरवर्षी नव्याने किंचाळतात. नवशिक्याच्या पाठीला पाच लिटरचे दोन रिकामे कॅन, बुचं घट्ट लावलेले, आणि कमरेला दोर. आमच्या वेळी पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचे बिंडे असत, आण्णांच्या वेळी वाळलेला भोपळा. हात-पाय जमायला लागले की एक कॅन सुटतो. दुसरा सुटतो त्या दिवशी घरी शिरा होतो. दोराचं टोक ज्याच्या हातात, त्याने फोनला हात लावायचा नाही. नवऱ्याला हा नियम सगळ्यात जड जातो.

टँकचं म्हणाल तर थोरली टँकमध्येच शिकली. २५ मीटर न थांबता पोहल्याचं सर्टिफिकेट फ्रिजवर लावलेलं होतं. तीच पोरगी पहिल्यांदा विहिरीत उतरली तेव्हा पायरी सोडेना. खाली निळ्या फरश्या दिसत नाहीत, पाय टेकायला काही नाही. वरचं हातभर पाणी कोमट, आणि पाय खाली सोडला की एकदम गारठा, कुणीतरी खालून घोटा धरल्यासारखा. "आई, याला तळच नाही," म्हणाली. मला ते बरं वाटलं. तळ नसलेल्या पाण्याची भीती वाटायलाच पाहिजे, आणि ती माझ्यासमोर वाटलेली बरी.

आता भाऊ.

आण्णांचा थोरला मुलगा, माझा चुलतभाऊ. वयाने माझ्याहून मोठा, म्हणून सगळ्यांचाच भाऊ. मला पोहायला त्यानेच शिकवलं. सातवीत गेल्यावर काकूने माझं विहिरीवर जाणं बंद केलं, तेव्हा "हिचा सूर माझ्याहून चांगला बसतो, राहू दे की" असं म्हणणारा घरात तो एकटाच होता. त्याच्यासारखा पोहणारा आमच्या वाडीत नव्हता. एका दमात तळाची माती मुठीत घेऊन वर यायचा. हे सांगायचं कारण असं की लोकांना वाटतं, पोहता येत नसेल म्हणून बुडाला. तसं नव्हतं.

२०१६ साली 'मागेल त्याला शेततळे' योजना आली आणि दोन-तीन वर्षांत आमच्या शिवारात बरीच शेततळी झाली. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते: उतरत्या बाजूंचा मोठा चौकोनी खड्डा, तीन मीटर खोल, आणि पाणी जिरू नये म्हणून आत ५०० मायक्रॉनचा प्लॅस्टिकचा कागद अंथरलेला. विहिरीला पायरी असते, कपार असते, पाइप असतो, काही नाही तर दगडाची फट असते. शेततळ्यात हाताला लागेल असं काहीच नसतं. चारी बाजूंनी गुळगुळीत उतार, आणि त्यावर शेवाळ.

२०१७ च्या मेमधली दुपार. पलीकडच्या वस्तीवरचा एक नऊ-दहा वर्षांचा पोरगा चेंडू काढायला उतारावर गेला आणि घसरला. भाऊ शेजारच्या रानात पाइप जोडत होता. ओरडा ऐकून धावला आणि होता तसा, पँट-शर्टावर, आत गेला. पोरगा त्याच्या मानेला मिठी मारून बसला. बुडणारं माणूस सोडत नाही, त्याला सोडताच येत नाही. तरी भाऊने त्याला कडेला आणलं. वर दोन बायका होत्या. एकीने अंगावरची साडी सोडून खाली टाकली. पोराने ती धरली, दोघींनी ओढला. ते पोर वर आलं.

भाऊ तिथून पुढे किती वेळ झगडला, कुणी सांगत नाही. त्या दोघींना विचारायची माझी हिंमत झाली नाही. साडी त्यांनी परत टाकली होती, एवढं कळलं. तोपर्यंत तो कडेपासून लांब गेला होता. बुडणारा माणूस हात हलवून ओरडतो असं आपल्याला वाटतं. तसं होत नाही. तोंड पाण्याच्या वर जेमतेम येतं, त्यात श्वास घ्यायचा की हाक मारायची? हात आपोआप पाणी खाली दाबत राहतात. बघणाऱ्याला वाटतं, आहे, तरंगतोय.

मी संध्याकाळी पोहोचले. भाऊला तालुक्याला नेलं होतं. मी शेततळ्यावर का गेले ते मला अजून सांगता येत नाही. पाण्याच्या वरच्या अंगाला, कागदावरच्या हिरव्या शेवाळात रेघा होत्या. चार-चार बोटांच्या. वरून खाली आलेल्या. एका जागी नाही, कडेकडेने पुढे सरकत गेलेल्या, म्हणजे एका ठिकाणी जमेना म्हणून तो पुढच्या ठिकाणी गेला, मग त्याच्या पुढच्या. सगळ्यात वरची रेघ काठापासून हातभरसुद्धा लांब नव्हती.

हे मी आजवर नवऱ्यालाही नीट सांगितलेलं नव्हतं.

त्यानंतरची काही वर्षं मीच तुमच्या बाजूला होते. आज तुम्ही जे म्हणता ते सगळं मी म्हणून झालंय, तुमच्यापेक्षा जोरात. पोरांनी पाण्याजवळ फिरकायचं नाही. कास नाही, कोकण नाही. सोसायटीच्या टँकमध्ये इतर मुलं डुंबत असताना माझी पोरगी काठावर टॉवेल धरून बसायची. विहिरीवर आण्णांनी लोखंडी जाळी टाकली होती. तेव्हाच्या मला कुणी सांगितलं असतं की तू एक दिवस हातात दोर धरून याच कठड्यावर बसशील, तर मी त्या माणसाचं तोंड पाहिलं नसतं. आणि तेव्हाची मी मूर्ख होते असं मला आजही वाटत नाही. तिच्याकडे एक बिनतोड मुद्दा होता: ज्याला उत्तम पोहता येत होतं तोच गेला. मग पोहणं शिकून मिळवायचं काय?

तिला माझं उत्तर असं आहे. भाऊला पोहता येत होतं, वाचवायला येत नव्हतं. त्या दोन बायकांना पोहता येत नव्हतं आणि त्यांनी एक जीव वाचवला, साडी टाकून. म्हणून आमच्याकडे आता पोहण्याइतकंच हेही शिकवतात: आत उडी मारायची नाही. आडवं पडायचं, दोर टाकायचा, ओढणी टाकायची, दोर बांधलेला कॅन फेकायचा, आणि त्याआधी मोठ्याने माणसं गोळा करायची. एकाने बुडल्याचं नाटक करायचं, दुसऱ्याने पायरीवरून कॅन फेकून त्याला आणायचं. पोरांचा हा सगळ्यात आवडता खेळ आहे. धाकटा बुडण्याची इतकी झकास नक्कल करतो की पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी कठड्यामागे जाऊन ओकले.

यावर तेव्हाची मी म्हणते: आणि समोर खरंच कुणाचं पोर बुडत असेल तेव्हा तुझी पोरगी थांबेल? कॅन शोधत बसेल? भाऊचंच रक्त आहे.

इथे माझ्याकडे उत्तर नाही.

मग बदललं काय? तर, २०२१. कोरोनामुळे आम्ही मार्चपासून गावीच होतो. मेमधल्या एका दुपारी घरात सगळे झोपलेले असताना थोरली वस्तीवरच्या पोरांबरोबर कालव्यावर गेली. मी पोहोचले तेव्हा गुडघाभर पाण्यात उभी होती, एका हाताने गवत धरून, आणि पुढच्या पावलाचा अंदाज घेत होती. कालव्याचं पाणी वरून संथ दिसतं आणि खालून ओढतं. सात वर्षांची पोरगी, पाण्यातलं शून्य ज्ञान. ते माझ्या कडक नियमांचं फळ होतं. उन्हाने अंग भाजत असताना पोर पाण्याकडे जाणार, आज माझ्यासमोर नाहीतर उद्या माझ्यामागे. पुण्यात परतल्यावर जवळचा टँक उघडायची वाट पाहिली आणि पहिल्या बॅचला नाव घातलं. पुढच्या उन्हाळ्यात आण्णांना फोन केला. जाळी काढाल का, एवढंच विचारलं.

आण्णांना तुमच्यापैकी कुणीच हा प्रश्न विचारत नाही, मला विचारता. मी एकदा विचारला होता. पायरीवर बसून दोराचा पीळ सोडवत होते. "मग घरात बसून काय करू?" म्हणाले, आणि धाकट्याला ओरडले, "पाय मार, पाय!"

ज्यांना माझ्या काळजाविषयी शंका आहे त्यांच्यासाठी आकडेही देते, कारण आकडे दिले की माणसं जरा गप्प बसतात. सरकारी नोंदीप्रमाणे २०२२ मध्ये आपल्या देशात ३८ हजारांहून जास्त माणसं बुडून गेली. जागतिक आरोग्य संघटना सांगते की सहा वर्षांवरच्या मुलांना पोहण्याबरोबरच सुरक्षितपणे वाचवण्याचं कौशल्यही शिकवा. हे मला भाऊ गेल्यानंतर चार-पाच वर्षांनी वाचायला मिळालं. आमच्या वस्तीवर अजून कुणाला ठाऊक नाही. आणि अनोळखी, पडीक विहिरीत मी कुणालाच उतरू देणार नाही. तिथे गाळ असतो, तळाशी कोंडलेली हवा असते. उद्या कुणी हे वाचून पोराला कुठल्याही विहिरीत टाकलं तर ते माझ्या नावावर लावू नका.

पोहायचं नसेल त्या दिवशी आम्ही लिंबला जातो. शेरीतली बारा मोटांची विहीर, वीरूबाई भोसल्यांनी १७१९ ते १७२४ या काळात बांधून घेतलेली, ११० फूट खोल, पोटात महाल असलेली. एवढं सगळं सांगून झाल्यावर धाकट्याने वरून डोकावून विचारलं, "इथे सूर मारला तर चालतो का?" आजूबाजूच्या पर्यटकांनी माझ्याकडे असं पाहिलं की तुमचा प्रश्न परवडला.

एकच माणूस असं आहे जिला मी काही बोलू शकत नाही. त्या वाचलेल्या पोराची आई. तो आता बारावी झाला. पोहायला शिकला नाही, विहिरीच्या वाटेलाही येत नाही. त्याची आई बाजारात भेटली की माझा हात धरते आणि विचारते, "ताई, भ्या वाटत न्हाय तुम्हास्नी?" वाटतं म्हणते. तिला बाकीचं काही सांगवत नाही.

शेततळं अजून आहे, पाणी लागतंच. भाऊनंतर त्याला कुंपण झालं, आणि चारी बाजूंनी गाठी मारलेले दोर सोडले. पुढच्याच वर्षी त्यातले दोन गायब. कुणीतरी गोठ्यात नेले असणार. म्हणून दर मेमध्ये नवे दोर, आणि त्यांना दीड-दीड फुटावर गाठी मारायचं काम पोरांचं. यंदा आण्णांचं म्हणणं आहे की नायलॉन उन्हाने कडक होऊन तुटतो, साखळी लावू. मी म्हणते साखळीने कागद फाटेल. पोरांना जुन्या टायरची शिडी करायची आहे. कोरेगावात पंक्चरवाल्याकडे टायर मिळतील का ते पाहायला नवऱ्याला सांगितलंय. आणि काकूने फोनवर आत्ताच बजावून ठेवलंय की थोरली आता मोठी झाली, विहिरीचं हे तिचं शेवटचं वर्ष. त्यावर आमचं भांडण व्हायचंय.