धोंडू जेवला, अकराव्या दिवशी

“दिवा लावा, दोन दिवसांत खायला लागेल,” कासवाचं सामान घेतलं त्या दुकानातला मुलगा म्हणाला होता. तीन महिने झाले, पण ते वाक्य आठवलं की अजून माझं डोकं तापतं. दिवा मात्र तापत नव्हता. सगळा घोळ तिथेच होता.

आम्ही जर्मनीत, श्टुटगार्टजवळ राहतो. मेमध्ये एका म्हाताऱ्या आजोबांकडून चार वर्षांचं हर्मन जातीचं कासव घेतलं. त्यांच्याच बागेत अंड्यातून निघालेलं, वजन २१४ ग्रॅम. कागदपत्रं रीतसर झाली: युरोपियन संघाचं प्रमाणपत्र, निसर्गसंरक्षण खात्याकडे नोंद, पाठीचे आणि पोटाचे फोटो. (भारतात असाल तर मोह आवरा. आपल्याकडे स्टार कासव घरात ठेवणं १९७२च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, विकणारा काहीही सांगो.) लेकीने नाव ठेवलं धोंडू, आणि त्याने ते अक्षरशः खरं केलं.

पहिल्या दिवशी तो कोपऱ्यातल्या मातीत अर्धा गाडून घेऊन बसला. दुसऱ्या दिवशी काचेच्या पेटीच्या भिंतीवर नखं घासत राहिला, तासन्‌तास. काच त्याला कळतच नाही, पलीकडे जाता येईल असंच वाटत राहतं. हे मला तेव्हा माहीत असतं तर पेटी घेतलीच नसती. तिसऱ्या दिवसापासून पुन्हा धोंडा. मी काकडी ठेवली, लेट्यूस ठेवलं, टोमॅटो ठेवला. सकाळी सगळं सुकलेलं, तसंच्या तसं. लेक दर तासाला उचलून बघायची, “आई, जिवंत आहे ना गं?” फोनवर माझी आई वेगळीच. “अगं, देवळातल्या कासवाला कुणी विचारतं का काय खाणार म्हणून? भूक लागली की खाईल.” आई, ते दगडाचं असतं!

सातव्या दिवशी स्वयंपाकघरातल्या काट्यावर २०६ ग्रॅम. आठ ग्रॅम म्हणजे काय मोठं, असं नवरा म्हणाला. मी त्याला त्याच्या वजनाचे तेवढेच टक्के काढून दाखवले, जवळजवळ तीन किलो. मग गप्प बसला. मी दुकानात फोन केला, तर “जीवनसत्त्वाचे थेंब घ्या” म्हणून अजून एक बाटली गळ्यात मारायला बघत होते.

शेवटी नवव्या दिवशी लाज गुंडाळून आजोबांना फोन केला. त्यांनी काकडीबद्दल विचारलंच नाही. “दिव्याखाली किती अंश?”

“सव्वीस.”

“कुठे मोजले?”

थर्मामीटर काचेला चिकटवलेला होता, वरच्या बाजूला. नवऱ्याने पाव भाजताना वापरायला घेतलेला तारेचा थर्मामीटर मी दिव्याखालच्या दगडावर ठेवला. तेवीस! त्या दगडावर पस्तीस ते चाळीस हवेत. कासवाला स्वतःची ऊब नसते, आणि ऊब नसेल तर पोटात गेलेलं पचत नाही, आतच सडतं. म्हणजे धोंडू नखरे करत नव्हता. जेवायचं नाही हे त्याला बरोबर कळत होतं, कळत नव्हतं ते मला. दुकानाने दिलेला तो पिळाच्या आकाराचा दिवा थोडाफार अतिनील प्रकाश देतो, उष्णता जवळजवळ नाहीच. आणि खिडकीतून येणारं ऊनही त्या कामाचं नाही, काच अतिनील किरणांपैकी गरजेचे तेच अडवते.

त्याच संध्याकाळी ऊब आणि अतिनील प्रकाश दोन्ही देणारा ७० वॅटचा मेटल हॅलाइड दिवा आणला. रोपांसाठी मिळते ती दुहेरी प्लास्टिकच्या झाकणाची पेटी आमच्या तळमजल्याच्या बागेत मातीवर ठेवली, दिवा आत टांगला. दगड ३७ अंश. लेकीला ताकीद, दोन दिवस हात लावायचा नाही. हे तिच्यापेक्षा मला जड गेलं.

अकराव्या दिवशी सकाळी साडेदहाला धोंडू दगडावरून उतरला, डँडेलायनच्या पिवळ्या फुलासमोर थांबला, मान लांब केली आणि पहिल्यांदा चुकला. दुसऱ्या घासाला फूल तुटलं. तो बारीकसा कचकन आवाज ऐकून मी बागेत उभी राहून रडले, शेजारीण कुंपणावरून बघत होती.

हो, आंघोळ राहिली. कोमट पाण्यात दहा मिनिटं, पाणी हनुवटीच्या खाली. त्यात पांढरट चिकट काहीतरी सोडतो, घाबरू नका, लघवीचाच भाग आहे. डोळे मिटलेले असतील, नाकातून बुडबुडे येत असतील, तर मात्र थेट सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरकडे. काकडी-टोमॅटो बंद, फळं तर नकोच, पोट बिघडतं. रानातलं तण, वाळलेलं गवत, कॅल्शियमसाठी समुद्रफेस. तण रस्त्याकडेचं नको, कुत्री आणि गाड्या दोन्ही तिथेच. आणि एकटा आहे म्हणून जोडीदार आणायचा विचार करू नका, त्यांना एकटंच बरं वाटतं.

आता २४१ ग्रॅम. नोव्हेंबरात त्याला हिवाळ्याच्या लांब झोपेसाठी चार ते सहा अंशांवर ठेवायचंय, एका डब्यात, फ्रिजमध्ये. आईला हे अजून सांगितलेलं नाही.