ओ रे पोरा, बस

परवा दुपारी एका मयताला गेलो होतो. आमच्या वसईत मयताची मिस्सा, म्हणजे देवळातली मुख्य उपासना, बहुतेक दुपारीच असते. देवळात पंखे फिरत होते, पण ते गरम हवा नुसती इकडून तिकडे करत होते. फादर म्हणाले, "प्रभू तुम्हांबरोबर असो." सगळ्यांनी ठरलेलं मराठी उत्तर दिलं. ते संपतं न संपतं तोच माझ्या मागच्या बाकावरून, घसा खाकरावा तसं, हळूच तेच उत्तर जुन्या लॅटिनमध्ये आलं : "एत कुम स्पिरितू तुओ."

तिथेच वळून बघणं बरं दिसलं नसतं. बाहेर पडताना पाहिलं, तर ऐंशीच्या घरातले एक आजोबा होते. शर्टाच्या खिशात चष्म्याचं घर आणि बॉलपेन. म्हटलं, "आजोबा, लॅटिन अजून पाठ आहे!" ते गोंधळलेच. "मी? मी कुठे काय बोललो?" मग त्यांचं त्यांनाच हसू आलं. लहानपणी ते वेदीसेवक, म्हणजे मिस्सेत फादरच्या हाताखाली मदत करणारा पोरगा, होते म्हणे.

"मग सुस्चिपियात येत असेल," मी खडा टाकला. जुन्या वेदीसेवकांना याच प्रार्थनेची धास्ती असायची, हे मी ऐकून होतो.

"तेव्हा तरी कुठे येत होती! सुरुवात जोरात करायची, शेवट जोरात करायचा, मधे नुसतं गुणगुणायचं. फादरची पाठ असायची ना आपल्याकडे." एवढं बोलून त्यांनी 'मेआ कुल्पा', म्हणजे 'माझा अपराध', म्हणून दाखवलं. तीन वेळा मूठ छातीवर, आणि तिन्ही वेळा बॉलपेन चष्म्याच्या घरावर आपटून टक, टक, टक.

घरी येईपर्यंत आजी डोक्यात येऊन बसली होती. मे महिन्यात संध्याकाळी आमच्या वाडीतल्या क्रुसापुढे रोझरी व्हायची आणि शेवटी मरियामातेची लितानी, म्हणजे तिच्या नावांची माळ. ती आजी सांगायची, लॅटिनमध्ये, कागद न घेता. तिला सहीही येत नव्हती, अंगठा लावायची. पण 'रोझा मिस्तिका', 'तुरिस एबुर्निया', 'दोमुस आउरेआ' ही नावं केळी मोजून टोपलीत ठेवावीत तशी एकामागून एक यायची. प्रत्येक नावावर बाकीच्यांनी म्हणायचं, "ओरा प्रो नोबीस", म्हणजे आमच्यासाठी प्रार्थना कर. आम्हा पोरांना ते "ओ रे पोरा, बस" असं ऐकू यायचं. ऐकू यायचं म्हणजे एकदा कुणीतरी तसं म्हटलं आणि मग दुसरं काही ऐकूच येईना. दर नावाला आम्ही चारपाच जण गुडघ्यांवरून टाचांवर बसायचो आणि पुढच्या नावाला पुन्हा उठायचो. आजी डोळे मिटलेले ठेवूनच हात मागे न्यायची आणि जो सापडेल त्याचा कान धरायची. लितानी चालूच. 'स्तेल्ला मातुतिना' म्हणजे पहाटेचा तारा, हे मला पुढे कॉलेजात गेल्यावर कळलं. आजीला ते कधी कळलं होतं का, विचारायचं राहून गेलं.

लॅटिन म्हणजे पहिल्यापासूनची देवाची भाषा, असं आम्हाला वाटायचं. तसंही काही नव्हतं. खुद्द रोममध्ये आधी उपासना ग्रीकमध्ये चालायची. लोकांना ग्रीक कळेनासं झालं तेव्हा, चौथ्या शतकाच्या सुमारास, त्यांच्या बोलण्यातली लॅटिन वेदीवर आली. घर बदलताना जुन्या घराची किल्ली खिशात राहावी तसं 'कीरिये एलेइसोन' तेवढं ग्रीक राहिलं. आमेन आणि आलेलुया त्याहून जुन्या घरच्या, हिब्रू. मग ते रोमन लोक गेले, त्यांची बोलीही बदलत बदलत इटालियन झाली, वेदीवरची लॅटिन मात्र हलली नाही. ४ डिसेंबर १९६३ ला दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने, उपासनेवरचा दस्तऐवज संमत केला. लॅटिन काढून टाका असं त्यात म्हटलेलं नाही, लोकांच्या भाषांना जागा द्या एवढंच आहे. पुढे काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. भटाला दिली ओसरी. (ओसरी मुळात कुणाची, हा वाद वेगळा.) ७ मार्च १९६५ ला पोप सहावे पॉल यांनी स्वतः रोममधल्या एका चर्चमध्ये इटालियनमध्ये मिस्सा म्हटली.

त्याआधी तीनच महिने, डिसेंबर १९६४ मध्ये, हेच पोप मुंबईला येऊन गेले होते. आजी त्यांना बघायला ओव्हल मैदानावर गेली होती. त्या यात्रेचा तिचा वृत्तांत ठरलेला : गाडीला मरणाची गर्दी आणि लांबवर एक पांढरा ठिपका.

आमच्याकडे लॅटिन गेली आणि मराठी आली, ती सोवळं नेसून. ही माझी जुनी कुरकुर आहे. बाप्तिस्म्याचा स्नानसंस्कार झाला, कन्फर्मेशनचं दृढीकरण. सिस्टर धर्मभगिनी झाल्या, पॅरिशचा धर्मग्राम. मी याच मराठीवर वाढलो, तिच्यात लिहितो, तेव्हा तक्रार करायला मला तोंड नाही. तरी करतो. आजीला शेवटपर्यंत 'दृढीकरण' म्हणता आलं नाही, ती 'दुडीकरण' म्हणायची आणि वर विचारायची, "हे कुणाच्या घरचं?" 'तुरिस एबुर्निया' मात्र घोटून म्हणायची.

आणि गेली म्हणावी, तर लॅटिन कुठे गेली आहे? 'मिस्सा' तिचीच. 'नाताळ' तर पोर्तुगीजांच्या हातून आलेला लॅटिन शब्द. जन्मात चर्चची पायरी न चढलेला माणूसही डिसेंबरात नाताळच्या सुट्टीत माथेरानला जातो तेव्हा लॅटिनच बोलतो.

रात्री अंथरुणावर पडून लितानी म्हणून बघितली. 'दोमुस आउरेआ'च्या पुढे गाडी सरकेना. तिथे अडकलो असताना भलतंच आठवलं. लितानी झाली, पोरं पांगली, की आजी एकटीच क्रुसापाशी थोडा वेळ थांबायची. मेणबत्त्यांची थोटकं गोळा करता करता क्रुसाशी बोलायची, आमच्या घरच्या सामवेदी बोलीत. म्हैस आटली, काका पुन्हा पिऊन आला, पाऊस लांबला तर भातरोपांचं काय. अधूनमधून चांगला दमही द्यायची. ते कुठल्याच प्रार्थनापुस्तकात नव्हतं आणि त्यात एक शब्दही असा नव्हता, जो तिला कळत नव्हता.

आजोबांना वेदीवरचं लॅटिन साठ वर्षांनी आपोआप आलं. आजीचं ते बोलणं मला कानात ऐकू येतं, पण तिच्या हेलात म्हणायला गेलो की तोंडातून पुस्तकी मराठी बाहेर पडते. माझी मुलगी सामवेदी समजते. बोलत नाही.